दोन पॅरिश एक होताना आधी कोणी सोडायचं

ताई, तुमचं पत्र सविस्तर आहे, म्हणून उत्तरही सविस्तर देतो. इतर वाचकांसाठी प्रश्न थोडक्यात सांगतो. तुम्ही मूळच्या वसईच्या, लग्नानंतर अमेरिकेच्या मिडवेस्टमधल्या एका शहरात स्थायिक झालेल्या. तुमचं चर्च लहान, पोलिश कामगारांनी उभं केलेलं. दीड-दोन किलोमीटरवरचं दुसरं चर्च मोठं, आयरिश आणि जर्मन घराण्यांचं, शाळा असलेलं. बिशपांनी येत्या १ जुलैपासून दोन्हींची मिळून एकच पॅरिश (म्हणजे एका प्रमुख धर्मगुरूच्या हाताखालचा श्रद्धावंतांचा समाज) करायचं ठरवलं आहे आणि तुम्हाला संयुक्त समितीवर घेतलं आहे. तुमचे प्रश्न असे: मोठी पॅरिश आम्हाला गिळून टाकेल का? काही जण रोमकडे दाद मागायचं म्हणतात, त्यांना काय सांगायचं? समितीने सुरुवात कुठून करायची? तुमच्या सासूबाई म्हणतात, "मी त्या चर्चमध्ये पाऊल टाकणार नाही", त्यांचं काय? आणि आपल्यासारख्या बाहेरून आलेल्या कुटुंबांनी या सगळ्यात कुठे उभं राहायचं?

मी धर्मगुरू, वसईतच वाढलेला. इथे आल्यावर अशा विलीनीकरणातून आधी सहायक आणि मग प्रमुख धर्मगुरू म्हणून गेलो. आता इतर पॅरिशच्या समित्यांबरोबर बसतो. इतक्या वर्षांत माझं एक मत पक्कं झालं आहे: मोठ्या पॅरिशने आधी काहीतरी सोडलं, आणि ते सगळ्यांना दिसेल असं सोडलं, तरच लहान पॅरिश मनापासून आत येते. नाहीतर लोक शरीराने येतात आणि वर्षभरात हळूहळू नाहीसे होतात. पुढचं सगळं या एका गोष्टीभोवतीच आहे.

मुळात इतक्या जवळ दोन चर्च कशी, असं आपल्याकडच्या वाचकांना वाटेल. एकोणिसाव्या शतकात आणि विसाव्याच्या सुरुवातीला इथे आलेले पोलिश, जर्मन, आयरिश, स्लोव्हाक, इटालियन लोक आपापल्या भाषेचं चर्च बांधत. गिरणीत, कत्तलखान्यात, रेल्वेत काम करणाऱ्यांनी पगारातून पैसे काढून ती उभी केली. पापनिवेदन आपल्या भाषेत करता यावं आणि मेल्यावर आपल्या माणसांत पुरलं जावं, एवढी साधी गरज होती. पुढे त्यांची मुलंबाळं उपनगरात गेली, धर्मगुरूंची संख्या घटली आणि तीनशे-चारशे माणसं मावतील अशा चर्चमध्ये रविवारी साठ माणसं उरली. म्हणून २०१८ मध्ये पिट्सबर्गमध्ये १८८ पॅरिशचे ५७ गट झाले, २०२३ मध्ये सेंट लुईसने १७८ च्या १३४ केल्या, २०२४ मध्ये बाल्टिमोरने शहर आणि लगतच्या भागातल्या ६१ च्या २३ करायचं जाहीर केलं. तुमच्या शहरावर कोणी खास डूख धरलेला नाही. पण ही आकडेवारी सासूबाईंना ऐकवू नका. ज्याच्या घरात माणूस गेलं आहे त्याला शहराचा मृत्युदर सांगून उपयोग नसतो.

आता कायदा. कॅथलिक चर्चचा जो स्वतःचा कायदा आहे, त्या १९८३ च्या कॅनन कायद्यातलं कलम ५१५ सांगतं की पॅरिश स्थापन करणं, बंद करणं किंवा तिच्यात मोठा बदल करणं हा अधिकार फक्त बिशपांचा आहे. पण त्याआधी त्यांनी धर्मगुरूंच्या परिषदेचं म्हणणं ऐकलंच पाहिजे. आदेश लेखी हवा, त्यात कारणं हवीत. २०२० मध्ये रोमच्या क्लर्जी खात्याने, म्हणजे धर्मगुरूंचा कारभार पाहणाऱ्या खात्याने, काढलेल्या सूचनापत्रात तर स्पष्टच म्हटलं आहे की नुसतं धर्मगुरूंची कमतरता आहे किंवा धर्मप्रांताची (बिशपांच्या अखत्यारीतल्या सगळ्या प्रदेशाची) आर्थिक स्थिती बेताची आहे, एवढं सरसकट कारण पुरत नाही. त्या त्या पॅरिशबद्दलचं कारण द्यावं लागतं.

विलीनीकरण दोन प्रकारचं असू शकतं, आणि इथे समितीने डोळे उघडे ठेवायला हवेत. एका प्रकारात लहान पॅरिश बंद होते आणि मोठीत सामावली जाते. मोठी आहे तशीच राहते: तेच नाव, तीच पॅरिश-परिषद, तेच बँकखातं. दुसऱ्या प्रकारात दोन्ही पॅरिश बंद होतात आणि त्यांच्या जागी तिसरीच, नवी पॅरिश जन्माला येते. कागदावर फरक दोन ओळींचा असतो, माणसांच्या मनात तो फार मोठा असतो. पहिल्या प्रकारात एक जण घरमालक आणि दुसरा पाहुणा होतो. दुसऱ्यात दोघेही एकदमच नव्या घरात शिरतात. आदेशावर अजून सही झाली नसेल तर समितीने एकमुखाने दुसरा प्रकार मागावा. ही मागणी मोठ्या पॅरिशच्या सभासदांच्या तोंडून आली तर तिचं वजन कितीतरी पटीने वाढतं. सोडण्याची सुरुवात अशी तिथूनच होते.

आणखी एक गोष्ट बहुतेकांना माहीत नसते. पॅरिश विलीन होणं आणि चर्चची इमारत बंद होणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. इमारत उपासनेसाठी कायमची बंद करायची तर कलम १२२२ खाली वेगळा आदेश लागतो, त्यासाठी गंभीर कारण लागतं, आणि त्या इमारतीवर ज्यांचा रास्त हक्क आहे त्यांची संमती लागते. अमेरिकेत बरीच वर्षं या दोन्ही गोष्टी एका दमात केल्या जात. २०१२ मध्ये रोमने क्लीव्हलंडमधल्या १३ पॅरिशच्या लोकांच्या बाजूने निर्णय दिला, आणि पुढच्याच वर्षी क्लर्जी खात्याने जगभरच्या बिशपांना मार्गदर्शक सूचना पाठवल्या. त्यांत हा फरक नीट मांडलेला आहे. तेव्हा १ जुलैला तुमच्या चर्चच्या दाराला कुलूप लागेल असं धरून चालू नका. तसं कोणी तोंडी सांगत असेल तर आदेश दाखवा म्हणावं.

दाद मागण्याबद्दल. ज्यांना मागायची आहे त्यांना मुदत माहीत असायला हवी, कारण ती फार तुटपुंजी आहे. आदेश रीतसर कळल्यापासून दहा दिवसांत आधी खुद्द बिशपांकडेच लेखी विनंती करावी लागते की हा आदेश मागे घ्या किंवा बदला. बिशपांना उत्तर द्यायला तीस दिवस. त्यांनी नकार दिला किंवा ते गप्प राहिले तर पुढच्या पंधरा दिवसांत रोमकडे जाता येतं. पहिले दहा दिवस हुकले की घोडं तिथेच अडतं. सह्यांची मोहीम, वर्तमानपत्रातली बातमी, फेसबुकवरचा गट यांपैकी काहीही त्या लेखी विनंतीची जागा घेऊ शकत नाही.

माझं मत विचाराल तर पॅरिश वाचवण्यासाठी दाद मागणं बहुधा निष्फळ ठरतं. इमारतीसाठी मागणं अनेकदा रास्त असतं. बोस्टनजवळच्या सिच्युएटमध्ये लोकांनी २००४ मध्ये चर्च सोडायला नकार दिला आणि पाळ्या लावून ते अकरा वर्षांहून अधिक काळ रात्रंदिवस आत बसून राहिले. शेवटी २०१६ मध्ये त्यांना ते सोडावं लागलं. त्यांच्या प्रेमाला मी नमस्कार करतो. पण त्या अकरा वर्षांत जी मुलं मोठी झाली त्यांना पॅरिश म्हणून फक्त लढाईच दिसली, याचंही मला वाईट वाटतं. तुमच्या समितीने दाद मागणाऱ्यांना फितूर ठरवू नये आणि त्यांच्या हातचं बाहुलंही होऊ नये. बैठकीत त्यांच्यासाठी खुर्ची ठेवा.

आता खऱ्या कामाकडे येतो. लोकांचा जीव कशात अडकला आहे हे कळायला मिस्साच्या, म्हणजे चर्चमधल्या मुख्य उपासनेच्या, वेळापत्रकासारखी दुसरी जागा नाही. तुमच्या पत्रावरून दिसतं की आज दोन्ही चर्च मिळून शनिवार-रविवारी सहा मिस्सा होतात. पुढे धर्मगुरू एकच असणार. कलम ९०५ प्रमाणे धर्मगुरूने एरवी दिवसाला एकच मिस्सा अर्पण करावी. गरज असेल तर बिशप रविवारी तीनपर्यंत परवानगी देऊ शकतात. तीन ही मर्यादा आहे, ते रोजचं रेशन समजू नका. म्हणजे शनिवारी संध्याकाळी एक आणि रविवारी दोन, फार तर तीन. सहातून निदान दोन तरी जाणार.

बहुतेक समित्या इथे बेरीज-वजाबाकी करतात: तुमची एक गेली, आमची एक गेली, हिशेब फिटला. मग होतं असं, की मोठ्या चर्चची सकाळी दहाची मिस्सा, जिला सर्वांत जास्त गर्दी असते, ती जागची हलत नाही. लहान चर्चची साडेनऊची मात्र सकाळी साडेसातला ढकलली जाते. कोणी वाईट हेतूने करत नाही, गर्दी बघून करतात. पण लहान पॅरिशला त्यातून जो निरोप मिळायचा तो मिळतो.

मी समितीला कोरा कागद घ्यायला लावतो. दोन्हीकडची एकही वेळ जशीच्या तशी राहणार नाही, असं आधीच ठरवून टाकायचं. शनिवारी पाच, रविवारी साडेआठ आणि पावणेअकरा, असं काहीतरी निघतं. दहाची सवय असलेल्या तीनशे माणसांना पाऊण तास सरकावं लागतं, कुरकुर होते, आणि ती व्हायलाच हवी. लहान पॅरिशच्या लोकांना पहिल्यांदा दिसतं की गैरसोय फक्त आपलीच झालेली नाही. दोन मिस्सांमध्ये सव्वादोन तासांचं अंतर मी मुद्दाम ठेवतो. तास-सव्वातासात मिस्सा आणि सूचना आटोपतात, उरलेल्या वेळात फादरांना दारात उभं राहून लोकांशी बोलता येतं आणि मग गाडीने दुसऱ्या चर्चला जाता येतं. अंतर दीड तासाचं असेल तर फादर शेवटचं गीत संपायच्या आत मागच्या दाराने पळतात, आणि नव्या पॅरिशचा नवा धर्मगुरू लोकांना फक्त पाठमोरा दिसतो. हे वेळापत्रक एका वर्षासाठी आहे, वर्षाने पुन्हा बघू, असं छापून सांगा. आणि वर्षाने खरोखरच पुन्हा बघा.

दुसरी जागा स्वयंपाकघर. इथल्या प्रत्येक जुन्या चर्चच्या तळघरात हॉल असतो आणि हॉलच्या टोकाला स्वयंपाकघर. उपवासकाळातल्या शुक्रवारी तिथे तळलेले मासे विकतात, सगळा मोहल्ला जेवायला येतो. कोणाचं दफन झालं की घरच्यांना तिथेच जेवण वाढतात. दहा-बारा बायका आणि चार-पाच पुरुष ही कामं तीस-तीस वर्षं करत असतात. पॅरिशचा कणा तोच असतो, परिषदेत बसणारे आपण नव्हे.

एका विलीनीकरणात दोन्हीकडची मोठी पातेली एका फडताळात आली. एकीकडच्या कानांना लाल चिकटपट्टी, दुसरीकडच्यांना निळी, म्हणजे कोणतं पातेलं कुणाचं ते कळावं. मासे तळण्याच्या पहिल्याच बैठकीत वाद पेटला. मोठ्या पॅरिशकडे नवीन तळणयंत्रं होती, हिशेबाची चोख पद्धत होती, दर शुक्रवारी कितीतरी जास्त ताटं जात. लहान पॅरिशच्या बायका पिएरोगी करत, बटाटा-चीजचं सारण भरलेल्या, हाताने मुरड घातलेल्या. आपल्या करंज्यांची आठवण यावी अशा. मोठ्या पॅरिशचा माणूस म्हणाला, गोठवलेल्या विकत आणू, वेळ वाचेल. टेबलाच्या पलीकडे एकदम शांतता पसरली. त्यावर मोठ्या पॅरिशची जी बाई वीस-पंचवीस वर्षं ते स्वयंपाकघर सांभाळत होती ती उठली, खिशातला किल्ल्यांचा जुडगा काढला आणि पलीकडच्या म्हाताऱ्या बाईंसमोर ठेवला. म्हणाली, "यंदा तुम्ही सांगाल तसं. मी भांड्यांकडे उभी राहते." आणि तो सगळा उपवासकाळ ती दर शुक्रवारी सिंकपाशी उभी राहिली, ओल्या अॅप्रनमध्ये. तिसऱ्या-चौथ्या शुक्रवारी लहान पॅरिशच्या बायकाच तिला पीठ मळायला बोलावू लागल्या. चिकटपट्ट्या पुढे कधी निघाल्या ते कोणाला कळलंही नाही. त्या बाईने जे केलं ते कुठल्याही आदेशाने करून घेता आलं नसतं. तुमच्या समितीतल्या मोठ्या पॅरिशच्या माणसांना हा प्रसंग सांगा, माझी परवानगी आहे.

आता निरोपाबद्दल. पॅरिश म्हणून शेवटची मिस्सा झालीच पाहिजे, आणि ती नीट झाली पाहिजे. बाप्तिस्म्याची, लग्नाची, मृत्यूची जुनी वहीबुकं वेदीसमोर आणून ठेवा. त्या पॅरिशमध्ये सेवा केलेल्या धर्मगुरूंची आणि सिस्टरांची नावं वाचा. ज्या जोडप्यांची लग्नं तिथे झाली, ज्यांच्या आई-वडिलांना तिथून निरोप दिला, त्यांना उभं करा. मिस्सानंतर अर्धा तास लोकांना नुसतं बसू द्या. आणि कृपा करून त्या दिवशी प्रवचनात नव्या पहाटेचं गाणं गाऊ नका. त्यासाठी पुढे भरपूर रविवार आहेत.

पण ही मिस्सा फक्त लहान चर्चमध्ये करून थांबू नका. दोन्ही पॅरिश बंद होऊन नवी होणार असेल तर मोठी पॅरिशही त्याच दिवशी संपते. तिथल्या लोकांना हे जाणवलेलंच नसतं. इमारत तीच, बाक तोच, फलकावरचं नाव फक्त बदललं, असं त्यांना वाटतं. म्हणून त्याच आठवड्यात तिथेही तशीच निरोपाची मिस्सा ठेवा, तिथली वहीबुकं, तिथल्या नावांची यादी. मी जिथे जिथे हा आग्रह धरला तिथे मोठ्या पॅरिशची माणसं आधी गोंधळली आणि मिस्सा सुरू झाल्यावर रडली. ज्याने स्वतःचं काही गेलेलं पाहिलं आहे तोच शेजाऱ्याच्या दुःखाशी नीट बोलतो.

नावाचा वाद वाटतो तितका अवघड नसतो, कारण कायद्याने त्यातून वाट ठेवली आहे. पॅरिशचं नाव बदलता येतं, पण अर्पण झालेल्या चर्चच्या इमारतीचं नाव बदलत नाही, असं कलम १२१८ सांगतं. नवी पॅरिश कोणत्याही संताच्या नावाने असो, तुमचं चर्च ज्या संताच्या नावाने अर्पण झालं त्याच नावाचं राहील आणि त्या संताचा सण तिथे पूर्वीसारखाच थाटात होईल. दोन्ही सण दोन्हीकडच्यांनी मिळून करायचे, एवढा ठराव पहिल्या बैठकीत करा. नव्या नावासाठी लोकांकडून सूचना मागवा, त्यांतली तीन बिशपांकडे पाठवा. दोन्ही जुनी नावं जोडून लांबलचक नाव करणं मला फारसं रुचत नाही, पण लोकांना त्यातच समाधान असेल तर अडवूही नये. आपल्याकडे १९२८ च्या पोर्तुगालबरोबरच्या करारानंतर दमणचा स्वतंत्र धर्मप्रांत संपला. त्यातली साष्टी आणि वसई मुंबईच्या आर्चबिशपांकडे आली, आणि पाद्रोआदो (पोर्तुगीज राजसत्तेच्या आश्रयाखालची) आणि प्रोपागांडा (थेट रोमच्या हाताखालची) अशा दोन धर्मसत्तांची मुंबईतली जुनी रस्सीखेच मिटली. तरी गोव्याच्या आर्चबिशपांच्या पदनामात दमण आजही टिकून आहे. जे संपलं त्याचं नाव राखण्याची चर्चची रीत जुनी आहे.

पैशाबद्दल थोडंच सांगतो, पण ते पक्कं लक्षात ठेवा. दोन पॅरिश एक झाल्या की दोन्हींची मालमत्ता आणि दोन्हींची कर्जं नव्या पॅरिशकडे जातात. मात्र देणगीदारांनी ज्या कामासाठी पैसे दिले त्याच कामासाठी ते वापरावे लागतात. तुमच्या चर्चच्या खिडक्यांसाठी कोणी मृत्युपत्रातून ठेवलेली रक्कम मोठ्या चर्चच्या छपरावर खर्च करता येणार नाही. तसं नुसतं बोललं गेलं तरी विष पसरतं. म्हणून १ जुलैपूर्वी दोन्हीकडच्या शिलकी, कर्जं, राखीव निधी आणि दफनभूमीचा निधी यांची यादी एका कागदावर छापून दोन्ही चर्चच्या दारात लावा. मूर्ती, प्याले, घंटा, स्मृतिफलक यांचीही यादी छायाचित्रांसह करा. मृतांसाठी आधीच लावलेल्या मिस्सा ठरल्या तारखांना होतील, हे पत्रकात लिहा. बाप्तिस्म्याची जुनी वही बंद होते, पण ती फेकायची नसते. नव्या पॅरिशच्या कार्यालयात ती राहते आणि पुढे त्या माणसाचं लग्न झालं तर त्याची नोंद त्याच जुन्या पानावर करावी लागते. वसईत लग्नाआधी दाखल्यासाठी मूळ पॅरिशला जावं लागतं हे तुम्ही जाणताच. इथल्या लोकांना मात्र आपले दाखले हरवतील अशी खरी भीती असते.

समितीत दोन्हीकडची माणसं समान संख्येने हवीत. लोकसंख्येच्या प्रमाणात घेऊ नका. मोठ्या पॅरिशने इथे आपलं बहुमत सोडावं. बैठका आलटून-पालटून दोन्हीकडे व्हाव्यात. आणि जुन्या प्रमुख धर्मगुरूंनी पहिलं वर्षभर लग्नं आणि दफनविधींसाठी परत येऊ नये. हे आम्हा धर्मगुरूंनाच जड जातं, पण नव्या माणसाला उभं राहायला जागा लागते.

कोणाला परिषदेवर घ्यायचं याची चर्चा करण्याआधी एक काम पहिल्या आठवड्यात उरका. दोन्ही पॅरिशमधल्या ज्या आजारी आणि अंथरुणाला खिळलेल्या लोकांना घरी कम्युनियन (मिस्सातली पवित्र भाकर) नेलं जातं, त्यांची एकत्र यादी करा. ती यादी बहुतेक वेळा कुठेही लिहिलेली नसते, एखाद्या बाईच्या डोक्यात असते. कार्यालयं एक होतात, फोन नंबर बदलतो, ती बाई रागावून घरी बसते, आणि तिकडे एखादी म्हातारी माणसं दोन-दोन महिने वाट बघत राहतात. ती बैठकीला येऊन तक्रार करू शकत नाहीत. त्यांच्या घरी कोणी जात राहिलं तर बाकीचं सगळं सावकाश करायला वेळ आहे.

तुमच्या सासूबाईंशी वाद घालू नका. "मी पाऊल टाकणार नाही" म्हणणारी माणसं बहुधा विचारत असतात की तिथे माझी गरज कोणाला आहे. त्या वेदीवरची वस्त्रं धुऊन इस्त्री करतात असं तुम्ही लिहिलं आहे. ते काम त्यांच्याकडेच राहील, आणि मोठ्या चर्चच्या वस्त्रांचंही काम त्यांच्या सल्ल्याने होईल, हे नव्या प्रमुख धर्मगुरूंनी स्वतः घरी येऊन त्यांना सांगावं. तुम्ही सांगून ते होणार नाही. हीच गोष्ट दारात स्वागताला उभे राहणाऱ्यांची, मिस्सात बायबल वाचणाऱ्यांची, वेदीची तयारी बघणाऱ्या सॅक्रिस्टनची. पहिलं वर्षभर प्रत्येक काम दोघांकडे ठेवा, दोन्हीकडचा एकेक. कामचुकारपणा होईल, गोंधळ होईल, चालेल. एकाच माणसाला कामावरून काढलं तर त्याच्यामागे आख्खं कुटुंब जातं.

गायनमंडळं मात्र घाईने एक करू नका. दोन मंडळांची गीतं एक असली तरी चाली आणि लय वेगळी असते, आणि गाणारी माणसं हळवी असतात. त्यांना आधी एखाद्या दफनविधीला एकत्र गायला बोलवा. तिथे मान कोणाचा हा प्रश्नच येत नाही. मग ईस्टरआधीचा पवित्र आठवडा. पवित्र गुरुवार एका चर्चमध्ये, शुभ शुक्रवार दुसऱ्या चर्चमध्ये, आणि शनिवारच्या रात्रीचा जागरविधी पहिल्या वर्षी लहान चर्चमध्ये. गर्दी मावणार नाही असं मोठ्या पॅरिशची माणसं म्हणतील. उभं राहू द्या. त्या रात्री ज्या प्रौढांचा बाप्तिस्मा होईल ती माणसं दोन्ही जुन्या पॅरिशपैकी कुठलीच नसतील. नव्या पॅरिशच्या वहीत त्यांची नावं आली की दोन्ही बाजूंच्या लोकांना पहिल्यांदाच सामायिक मुलंबाळं मिळतात. मी पाहिलेल्या प्रत्येक विलीनीकरणात या नव्या माणसांनी जितकं जोडलं तितकं कुठल्याही समितीने जोडलं नाही.

राहिला आपल्या लोकांचा प्रश्न. तुम्ही लिहिता की तुमच्या चर्चमध्ये वसईची, मंगळूरची आणि केरळची मिळून काही कुटुंबं आहेत, आणि मोठ्या चर्चमध्ये स्पॅनिश बोलणाऱ्यांची मिस्सा आहे. विलीनीकरणाच्या चर्चेत पोलिश बाजू आणि आयरिश-जर्मन बाजू एवढंच दिसतं. तिसरी माणसं वर्षातून एकदा आपापले पदार्थ घेऊन यायला बोलावली जातात आणि परिषदेच्या टेबलावर मात्र नसतात. स्पॅनिश मिस्सा वेळापत्रकात सर्वांत आधी लिहा, उरलेल्या जागेत कोंबू नका. रविवारी तीन मिस्सा होत असतील तर त्यांतली एक त्यांची. त्या लोकांचा एक माणूस समितीवर आजच घ्या.

आणि तुमचं स्वतःचं स्थान तुम्हाला वाटतं त्यापेक्षा मजबूत आहे. कुठल्याही भिंतीवरच्या फलकावर तुमच्या आजोबांचं नाव नाही, त्यामुळे दोन्हीकडचे तुमच्यासमोर मोकळं बोलतील. मुंबईतल्या पॅरिशमध्ये एकाच छपराखाली इंग्रजी, कोंकणी, मराठी, तमिळ मिस्सा होतात आणि वार्षिक सणाला सगळे एकाच मिरवणुकीत चालतात, हे तुम्ही पाहिलेलं आहे. तिथे भांडणं होत नाहीत असं नाही, पण मिरवणुकीत कोण पुढे हे दर वर्षी बदलतं. तो अनुभव टेबलावर मांडा. मराठी कुटुंबांसाठी वेगळा कार्यक्रम मागण्याची घाई करू नका. आधी दोन्हीकडच्या कामात हात घाला, विशेषतः आजाऱ्यांच्या भेटींमध्ये आणि स्वयंपाकघरात. मग नाताळच्या काळात एखादं मराठी गीत गायला कोणाची परवानगी लागणार नाही, लोकच विचारतील.

पुढच्या बैठकीला जाताना तीन कागद बरोबर न्या: आजच्या सहाही मिस्सांना प्रत्यक्ष येणाऱ्यांची चार रविवारांची मोजणी, घरी कम्युनियन नेल्या जाणाऱ्यांची यादी, आणि दोन्हीकडे कोण कोणतं काम करतं त्याची नोंद. मोठ्या पॅरिशच्या समिती-प्रमुखांना बैठकीआधी एकट्याने भेटा, दहाची मिस्सा हलवायची गोष्ट त्यांच्याकडूनच मांडली जाईल असं बघा. आणि बिशपांच्या आदेशाची प्रत हाती आली की त्याच दिवशी मला पाठवा. विलीनीकरण दोनपैकी कोणत्या प्रकारचं आहे, इमारतीबद्दल त्यात काही शब्द आहे का आणि दहा दिवसांची मुदत कोणत्या तारखेला संपते, हे बघून मी लगेच कळवतो.